धुराचा हिशेब आणि सभागृहाचा अधिकार

सरकारने योजना आखावयाची आणि लोकप्रतिनिधींनी तिचा हिशेब मागावयाचा, ही कामाची वाटणी आपल्याकडे इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे काही इतिहास आहे याचीही आपणांस आठवण राहत नाही. योजना जाहीर झाली म्हणजे वर्तमानपत्रांत तिचे मथळे येतात, कोनशिला बसते, भाषणे होतात. पुढे तिचे काय झाले हे विचारणारा आवाज मात्र क्षीण असतो. वाहनांच्या धुराला आळा घालण्यासाठी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत ज्या योजना निघाल्या, त्यांच्याबाबत हा आवाज कोणी, केव्हा आणि कोठे उठविला, याचा विचार आज आपण करणार आहोत.

हा विषय या वस्तीला परका नाही. संत तुकाराम नगराच्या अंगाने जुना मुंबई-पुणे रस्ता जातो. शेजारी वल्लभनगरचे एस. टी. स्थानक आहे, वस्तीत यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, आणि मार्च २०२२ पासून रस्त्यावरच्या पुलावरून मेट्रो धावू लागली आहे. वाहनांचा धूर येथील माणसाच्या छातीत रोज जातो. पण त्याच माणसाच्या घरची चूल बहुधा आकुर्डी, भोसरी वा चाकण येथील वाहनांच्या किंवा त्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्याच्या पगारावर पेटते. तेव्हा धूर कमी करण्याच्या योजनेत या गावाचे दोन हितसंबंध गुंतलेले आहेत : एक श्वासाचा आणि दुसरा भाकरीचा. या दोहोंचा मेळ घालून प्रश्न विचारण्याची जागा कोणती, हा आमच्या विवेचनाचा मुख्य मुद्दा आहे.

प्रारंभ थोडा मागून करावा लागेल. १८९२ च्या कायद्याने हिंदुस्थानातील कायदेमंडळांच्या सभासदांना अंदाजपत्रकावर बोलण्याचा आणि प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळाला. अधिकार कसला, सवलतच ती. मत देता येत नव्हते, उत्तर अपुरे वाटले तर उपप्रश्न विचारता येत नव्हता, आणि सरकारी सभासदांचे बहुमत कायम होते. अशा सभागृहात २६ मार्च १९०२ रोजी पुण्याचे गोपाळ कृष्ण गोखले अंदाजपत्रकावर बोलावयास उभे राहिले. सरकारी तिजोरीतील शिल्लक हे देशाच्या भरभराटीचे चिन्ह आहे असे अर्थमंत्री सांगत होते. ही शिल्लक दुष्काळाने गांजलेल्या रयतेवरील जादा करातून साठली आहे, हे गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखवून दिले आणि मिठावरील कर कमी करण्याची मागणी केली. त्या दिवशी काही ठराव झाला नाही, होणे शक्यही नव्हते. परंतु १९०३ पासून मिठावरील कर टप्प्याटप्प्याने उतरत गेला. याचे सारे श्रेय एका भाषणाला देणे बरोबर होणार नाही. तरीही ज्या सभागृहाला मत नव्हते त्या सभागृहात बिनचूक आकड्यांनी विचारलेला प्रश्न वाया गेला नाही, एवढे खात्रीने म्हणता येते.

या भाषणामागची एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. त्यातील आकडेवारीच्या तयारीत गणेश व्यंकटेश जोशी यांचा मोठा वाटा होता. जोशी हे पेशाने शिक्षक. सरकारी अहवाल मिळवावेत, त्यांतील रकाने ताडून पाहावेत, हा त्यांचा व्यासंग. सभागृहात उभा राहिला तो एक वक्ता. पण त्याच्या मागे गावातल्या अभ्यासू माणसाची अनेक रात्रींची मेहनत उभी होती. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा आपणांस उपयोग होणार आहे.

धूर हा विषयही आपल्या कायदेमंडळांना नवा नव्हता. गिरण्यांच्या धुरांड्यांनी मुंबई काळवंडली, तेव्हा १९१२ साली मुंबई इलाख्यात धुराच्या उपद्रवासंबंधी स्वतंत्र कायदा झाला. मात्र त्याचा रोख भट्ट्यांवर होता. मोटारी तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानंतर जवळजवळ अर्धशतकाने, १९८८ साली, संसदेने नवा मोटार वाहन कायदा केला. त्याच्या ११० व्या कलमाने वाहनांतून निघणाऱ्या धुराबद्दल नियम करण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. १९८९ च्या नियमावलीतील ११५ वा नियम हा त्याचाच परिपाक होय. पेट्रोल पंपाशेजारच्या खोपटात आपण जे पी. यू. सी.चे प्रमाणपत्र घेतो, त्याचे मूळ या नियमात आहे.

येथे एक बारकावा आहे आणि तो महत्त्वाचा आहे. संसदेने कायदा केला, पण धूर किती असावा, तो कोणत्या तारखेपासून किती कमी व्हावा, हे कायद्यात लिहिले नाही. ते सरकारच्या नियमांवर सोपविले. आधुनिक राज्यकारभारात हे अपरिहार्य आहे. प्रत्येक इंजिनातील वायूचे प्रमाण साडेपाचशे लोकांच्या सभागृहात ठरविता येणार नाही. पण सोपविणे म्हणजे सोडून देणे नव्हे, हे संसदेला ठाऊक होते. म्हणून त्याच कायद्याच्या २१२ व्या कलमात अशी तरतूद केली की केंद्राने केलेला प्रत्येक नियम संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या पटलावर तीस दिवस ठेवला पाहिजे, आणि दोन्ही सभागृहांचे एकमत झाल्यास त्यात फेरफार करता आला पाहिजे, किंबहुना तो रद्दही करता आला पाहिजे. म्हणजे किल्ली संसदेने आपल्याच कनवटीला ठेवली होती.

ही किल्ली वापरावयाची कशी, याचा विचार त्यापूर्वीच झालेला होता, आणि तो करणाऱ्यांत एका मराठी माणसाचे नाव अग्रभागी येते. गणेश वासुदेव मावळंकर यांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील. १९३७ नंतर ते मुंबई विधानसभेचे आणि १९५२ पासून लोकसभेचे अध्यक्ष होते. त्यांच्या कारकिर्दीत, १९५३ साली, लोकसभेत दोन समित्या स्थापन झाल्या. एकीने कायद्याखाली केलेले नियम तपासावयाचे. दुसरीने मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनांची नोंद ठेवावयाची आणि ती पुरी झाली की नाहीत हे पाहावयाचे. ‘विचार चालू आहे’, ‘लवकरच कार्यवाही होईल’ ही मंत्र्यांची नित्याची उत्तरे हवेत विरून जाऊ नयेत, हा दुसरीचा हेतू. महाराष्ट्र विधानमंडळातही अशी आश्वासन समिती आहे. पुढे एप्रिल १९९३ मध्ये प्रत्येक खात्याच्या कामाची छाननी करणाऱ्या सतरा स्थायी समित्या संसदेने नेमल्या. २००४ मध्ये त्यांची संख्या चोवीस झाली. प्रश्न, आश्वासन, नियम, खर्च या चारही वाटांनी हिशेब मागण्याची सोय अशा रीतीने सिद्ध झाली.

आता या सोयीचा वाहनांच्या धुरासाठी किती उपयोग झाला, हे पाहू.

वाहनांच्या धुरावरील पहिल्या मर्यादा १९९१-९२ च्या सुमारास आल्या. पण या प्रश्नाला खरी धार चढली ती न्यायालयात. महेशचंद्र मेहता यांच्या १९८५ च्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी आदेश दिला की दिल्लीतील सर्व शहर-बसगाड्या ३१ मार्च २००१ पर्यंत सी. एन. जी.वर चालल्या पाहिजेत. मुदत उलटली, वाढली, पुन्हा वाद झाले, आणि अखेरीस २००२ मध्ये डिझेलच्या बसगाड्यांवर दररोजचा दंड बसविल्यावर काम मार्गी लागले. मुंबईतही तसेच घडले. उच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९९ साली परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि पुढे जुन्या टॅक्सी सी. एन. जी.वर नेण्याचे आदेश झाले.

या गदारोळात सरकारने २००१ साली डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. माशेलकरांची कर्मभूमी पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. कोणते इंधन वापरावे हे सरकारने सांगू नये, धूर किती चालेल ते सांगावे आणि इंधनाची निवड उत्पादकांवर सोडावी, असे या समितीच्या २००२ च्या अहवालाचे सूत्र होते. देशभर टप्प्याटप्प्याने मर्यादा कडक करण्याचे वेळापत्रक तिने आखले आणि २००३ मध्ये सरकारने त्यावर आधारलेले धोरण मान्य केले. त्याच क्रमाने १ एप्रिल २०१० पासून ‘भारत स्टेज चार’ची मर्यादा प्रथम तेरा शहरांत लागू झाली. त्या तेरांत पुणे होते आणि सोलापूरही होते. संपूर्ण देशात ती लागू होण्यास २०१७ साल उजाडावे लागले. म्हणजे सात वर्षे एकाच कारखान्यातून दोन प्रकारची वाहने बाहेर पडत होती, एक शहराच्या फुप्फुसासाठी आणि एक खेड्याच्या. हा भेद न्याय्य होता काय, हा प्रश्न शास्त्राचा नाही. तो राजकीय न्यायाचा आहे. तो विचारण्याची जागा सभागृह हीच होती.

मग २०१७ चा प्रसंग आला. ‘भारत स्टेज तीन’च्या वाहनांचे उत्पादन १ एप्रिलपासून बंद व्हावयाचे हे सर्वांना ठाऊक होते. पण आधी तयार झालेली वाहने त्यानंतर विकता येतील काय? अधिसूचनेची भाषा उत्पादनाविषयी बोलत होती, विक्रीविषयी नव्हे. उत्पादक म्हणाले, येतील. आजवर तसेच झाले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१७ रोजी, मुदतीच्या अवघे तीन दिवस आधी, निर्णय दिला : लोकांचे आरोग्य व्यापाऱ्याच्या नफ्यापेक्षा मोठे आहे, विक्री होणार नाही. उत्पादकांच्या आकड्यांप्रमाणे त्या वेळी सुमारे सव्वाआठ लाख वाहने विक्रीविना पडून होती आणि त्यांत बहुसंख्य दुचाकी होत्या. दोन दिवसांत दुकानांसमोर स्वस्त गाड्यांसाठी झुंबड उडाली. जी विषारी म्हणून बंद केली, तीच वाहने घाईघाईने रस्त्यावर आली.

न्यायालयाचा निर्णय तत्त्वतः योग्य होता, यात आम्हांला संशय नाही. पण एका शब्दाच्या संदिग्धतेपायी जी धांदल उडाली ती टाळता आली नसती काय? ‘उत्पादन’ की ‘विक्री’, हा प्रश्न नियम पटलावर असतानाच, काही वर्षे आधी, निकालात निघावयास हवा होता. तो निघाला असता तर कारखान्यांना आपले उत्पादन वेळेवर आवरता आले असते आणि लोकांच्या फुप्फुसांनाही न्याय मिळाला असता. कनवटीला किल्ली असून दार धक्क्याने उघडावे लागले. पुढच्या टप्प्यात हा धडा थोडाबहुत उपयोगी पडला. जानेवारी २०१६ मध्ये सरकारने मधली पायरी गाळून १ एप्रिल २०२० पासून एकदम ‘भारत स्टेज सहा’ आणण्याचे जाहीर केले होते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्येच, दीड वर्ष आधी, विक्रीची तारीखही स्पष्ट केली.

यावर कोणी म्हणेल, न्यायालयाने काम केले ना, मग सभागृहाचा आग्रह कशासाठी? शंका रास्त आहे. तिचे उत्तर या गावच्या परिस्थितीतच आहे. न्यायालयापुढे जो पक्षकार येतो त्याचेच म्हणणे ऐकले जाते. सुट्या भागांच्या छोट्या कारखान्यातला कामगार, लेथवर इंजिनाचे भाग घडविणारा कारागीर, रिक्षाचे हप्ते फेडणारा चालक, हे त्या खटल्यात पक्षकार नसतात. दम्याने आजारी असलेले मूलही क्वचितच असते. सभागृहात मात्र या सर्वांचा प्रतिनिधी बसलेला असतो, निदान बसलेला असावा अशी घटनेची अपेक्षा आहे. विजेवरच्या वाहनाला इंजिन नसते. त्यामुळे पिस्टन, गिअर आणि धूरनळी करणाऱ्यांचे पुढे काय, हा प्रश्न पिंपरी-चिंचवडच्या घराघरांत उद्या विचारला जाणार आहे. तो योजनेबरोबरच विचारला गेला तर त्याला उत्तर देता येईल. योजना संपल्यावर विचारला, तर ते वरातीमागून घोडे ठरेल.

परदेशातील एक दाखला येथे उपयोगी पडेल. ब्रिटनच्या संसदेने २००८ साली हवामानबदलाचा कायदा केला. पृथ्वीला तापविणाऱ्या वायूंची पाच-पाच वर्षांची मर्यादा ठरवावी, ती गाठण्याचा आराखडा सरकारने संसदेपुढे ठेवावा, स्वतंत्र तज्ज्ञ समितीने दरवर्षी प्रगतीचा अहवाल संसदेला द्यावा आणि सरकारने त्याला उत्तर द्यावे, असे त्यात बंधन आहे. जुलै २०२२ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने सरकारचा आराखडा बेकायदा ठरविला. त्याच्या कारणांपैकी एक असे की उद्दिष्ट नेमके कसे गाठले जाईल याचा पुरेसा तपशील सरकारने संसदेपुढे ठेवलाच नव्हता. तेथेही शेवटी न्यायालयच मधे पडले. पण त्याने संसदेची जागा घेतली नाही. संसदेचा हिशेब मागण्याचा हक्क त्याने तिला परत मिळवून दिला. आपल्याकडे २०७० पर्यंत उत्सर्जन शून्यावर आणण्याचे वचन पंतप्रधानांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथील परिषदेत दिले. मात्र त्या वचनाचा वर्षावर्षाला हिशेब द्यावा असे बंधन घालणारा कायदा संसदेने केलेला नाही.

म्हणून आपली सभागृहे अगदीच गप्प होती असे मानणे मात्र अन्यायाचे होईल. अलीकडची तीन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत.

पहिले मेट्रोचे. जुलै २०२२ मध्ये गृहनिर्माण व नागरी व्यवहार खात्याच्या संसदीय स्थायी समितीने देशातील मेट्रो प्रकल्पांचा आढावा घेतला. अनेक शहरांत प्रवाशांची संख्या आराखड्यातील अंदाजापेक्षा बरीच कमी राहिल्याचे तिला आढळले. अंदाजच चुकलेले, स्थानकापासून घरापर्यंत जाण्याची सोय अपुरी आणि वाहने उभी करण्यास जागा नाही, अशी कारणे तिने नोंदली. हा अहवाल संत तुकाराम नगरच्या स्थानकावरून पहिली गाडी सुटल्यानंतर चार-पाच महिन्यांतच आलेला आहे. त्यातील कारणे आपल्या स्थानकाच्या जिन्याखाली उभे राहून कोणालाही पडताळून पाहता येतील.

दुसरे विजेवरच्या वाहनांच्या अनुदानाचे. २०१५ साली सुरू झालेल्या ‘फेम’ योजनेचा दुसरा टप्पा एप्रिल २०१९ मध्ये दहा हजार कोटी रुपयांच्या तरतुदीने निघाला. दहा लाख दुचाकी, पाच लाख तीनचाकी आणि ७०९० बसगाड्या, अशी त्याची उद्दिष्टे होती. जून २०२३ मध्ये दुचाकींवरील अनुदान एकाएकी घटविले गेले. खासदार तिरुची शिवा यांच्या अध्यक्षतेखालील उद्योग खात्याच्या स्थायी समितीने डिसेंबर २०२३ च्या अहवालात सांगितले की योजना किमान तीन वर्षे वाढवा, दुचाकींचे अनुदान पूर्ववत करा, ठरावीक किमतीपर्यंतच्या खाजगी मोटारींनाही सामावून घ्या. सरकारने काय केले? योजना मार्च २०२४ अखेर संपली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात १०,९०० कोटींची नवी योजना आली. तीत खाजगी मोटारी नाहीत. समितीची शिफारस बंधनकारक नसते. मंत्र्यांना तिच्यापुढे साक्षीला बोलावण्याची रीत नाही, सचिव येतात. ही तिची मर्यादा आहे. पण शिफारस लेखी राहते आणि ती न मानण्याचे कारण सरकारला लेखीच द्यावे लागते. गोखल्यांच्या काळी एवढेही नव्हते.

तिसरे उदाहरण आपल्याच विधानसभेचे. जुलै २०२१ मध्ये महाराष्ट्राने विद्युत वाहन धोरण जाहीर केले. २०२५ पर्यंत नव्या नोंदणीतील दहा टक्के वाहने विजेवरची असावीत, असे त्याचे उद्दिष्ट होते. त्याची मुदत मार्च २०२५ मध्ये संपली आणि एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने नवे धोरण मंजूर केले. त्यात मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू यांवर विजेच्या मोटारींना व बसगाड्यांना टोलमाफीचे आश्वासन होते. पण सवलत जाहीर होऊनही टोल घेतला जात असल्याची तक्रार डिसेंबर २०२५ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात आली. तेव्हा विधानसभेचे अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी आठ दिवसांत सवलतीची अंमलबजावणी करावी आणि घेतलेला टोल परत करावा, असे निर्देश सरकारला दिले. रक्कम लहान असेल. द्रुतगती मार्गाने जाणाऱ्या एका गाडीमागे काही शे रुपये. परंतु प्रश्नोत्तरातून धोरणाचा कागद आणि टोलनाका यांतील अंतर उघडे पडले, हे त्याचे मोल आहे. अशा निर्देशाचा पाठपुरावा करणे, हेच मावळंकरांच्या काळापासून चालत आलेल्या परंपरेचे खरे काम.

या इतिहासातून आम्हांला जे दिसते ते असे. हिशेब मागण्याची साधने आपल्याजवळ भरपूर आहेत, आणि त्यांतील कित्येक मराठी माणसांच्या हाताखालून घडलेली आहेत. पुण्याचे खासदार गिरीश बापट हे २०१९ नंतर लोकसभेच्या अंदाज समितीचे अध्यक्ष होते, हे अनेकांना आठवत असेल. उणीव आहे ती साधनांना लागणाऱ्या माहितीची आणि ती वापरण्याच्या रेट्याची. आमदार वा खासदार प्रश्न विचारतो तो त्याला कोणी तरी पुरविलेल्या माहितीवर. ती कारखानदारांच्या संघटनांकडून येते, खात्याकडून येते. नागरिकांकडून क्वचित येते. १८७० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने १८७६-७७ च्या दुष्काळात गावोगावची माहिती गोळा करून सरकारला धाडली, त्या वेळी तिच्यापाशी ना संगणक होता ना माहितीचा अधिकार. आज २००५ च्या कायद्याने तो अधिकार प्रत्येकाच्या हाती आहे.

आपल्या वस्तीतल्या स्थानकावर दिवसाकाठी किती माणसे उतरतात आणि त्यांतील किती जणांना पुढे बस मिळते; पी. यू. सी.च्या तपासणीत किती वाहने नापास होतात की सगळीच पास होतात. भोसरीच्या कोणत्या कारखान्यात विजेच्या वाहनांचे काम शिकविण्याची सोय झाली आणि कोठे कामगार घरी बसले : हे आकडे कोणी परका येऊन मोजणार नाही. ते आपणच मोजले पाहिजेत, आपल्या प्रतिनिधीच्या हाती दिले पाहिजेत, आणि अधिवेशन संपून तो परत आला म्हणजे त्याने ते विचारले काय हेही पाहिले पाहिजे. नवे धोरण आले की जुन्याचा ताळेबंद आधी मागावा. १९०२ साली सभागृहात उभे राहण्याचा मान गोखल्यांचा होता, पण रकाने ताडून पाहण्याचे कष्ट जोशी मास्तरांचेही होते. गोखल्यांची जागा निवडणुकीने भरते. जोशी मास्तरांची जागा मात्र आपणांपैकी कोणीही, उद्या सकाळपासून, घेऊ शकेल.